ठाण्यात स्विमिंग पूलच्या कडेला झाडं लावायची आहेत: कोणती, कुठे आणि किती लांब?

सावली_घोडबंदर

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मागे येऊरचा डोंगर. पूल जमिनीवरच आहे, खाली पार्किंग नाही. यंदा डेकच्या टाईल्स उखडून नव्या बसवायच्या आहेत, तेव्हा झाडांचंही आत्ताच ठरवून टाकू असं कमिटीत निघालं. एप्रिल-मेमध्ये मुलं चारनंतर पोहायला उतरतात तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट पाण्यावर आणि डेकवर येतं. अनवाणी पाय टेकवत नाही. तिथे सावली हवी यावर कुणाचं दुमत नाही.

लँडस्केपवाल्याने दिलेला आराखडा असा: पश्चिमेला पाण्यापासून साधारण दोन मीटरवर ओळीने चार गुलमोहर, दोन्ही टोकांना एकेक रॉयल पाम, शॉवरपाशी फिशटेल पामचा झुबका आणि कुंपणाला लागून पिवळ्या कण्हेरीची दाट रांग. चित्रात फार देखणं दिसतंय. उत्तरेच्या कोपऱ्यात एक जुनं जांभळाचं झाड आहे. ते त्याने चित्रातून गाळलंय, म्हणजे ते काढायचंच असं धरून चाललाय.

दर पावसाळ्यात रस्त्यावर आडवे झालेले गुलमोहर आपण सगळेच बघतो, त्यामुळे तो भाग मला खटकला. बाकीच्यातलं काय चालेल, काय नाही, हे सभेत कारणांसकट मांडायचं आहे. पूलजवळ ज्यांनी झाडं लावली आहेत, सांभाळली आहेत, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रोपं_पनवेल

सावलीताई, झाडाचं नाव ठरवायच्या आधी पूलच्या कडेला उभं राहून वारा कुठून येतो ते बघा. आपल्या ठाणे-नवी मुंबईची खरी अडचण ही आहे की सावली हवी पश्चिमेकडून, आणि वाराही येतो पश्चिमेकडूनच. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येणारा वारा पश्चिम-वायव्येचा, जूनपासून नैऋत्येचा. म्हणजे पश्चिमेला दोन मीटरवर लावलेल्या झाडाचं जवळजवळ प्रत्येक पान आणि पाकळी पाण्यात. तेच झाड पूर्वेला असेल तर वर्षातले बरेच महिने त्याचा कचरा पूलपासून लांब उडतो. हिवाळ्यात सकाळी वारा उलटतो, पण तेव्हा त्याला एवढा जोर नसतो.

मग पश्चिमेला लावायचं की नाही? लावायचं, पण लांब. आपण साधारण १९ अक्षांशावर. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा कुठलंही झाड पूलवर सावली टाकणार नाही, ती त्याच्या बुंध्याशीच पडेल. साडेचारच्या सुमाराला मात्र सावली झाडाच्या उंचीच्या दीडपट होते. पाच मीटर उंचीचं झाड त्या वेळी सात मीटरच्या पुढे सावली फेकतं. तुमची मुलं चारनंतर उतरतात ना? मग पाण्यापासून पाच मीटरवर लावलेलं मध्यम उंचीचं, दाट पानांचं झाडही तुमचं काम करेल. दोन मीटरवर आणायची काहीच गरज नाही.

आता मुळांबद्दल. झाडाची बरीचशी मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरतात. घोडबंदरला थोडं खणलं की कठीण मुरूम, खाली काळा पाषाण. तिथे मुळं खोल जातच नाहीत, आडवी धावतात. गुलमोहर मुळातच वरवरच्या मुळांचा, लाकूड ठिसूळ, वर छत्रीसारखा पसारा. ते झाड मूळचं मादागास्करचं, फुललं की डोळ्यांचं पारणं फिटतं, आणि मोकळ्या मैदानात ते जरूर लावावं. पूलच्या कडेला नाही.

वड, पिंपळ, उंबर, नांदरुख, रबर आणि कुंडीत गोजिरवाणा दिसणारा फायकस बेंजामिना ही सगळी एकाच कुळातली. यांची मुळं ओलाव्याच्या मागे जातात. पूलपासून दहा-पंधरा मीटरच्या आत यातलं काही लावू नका. हेज म्हणूनसुद्धा नको. छाटून बुटका ठेवला तरी जमिनीखाली तो बुटका राहत नाही.

जलशुद्धी_खारघर

पूल चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. मी खारघर आणि आसपासच्या सोसायट्यांचे पूल बघतो.

लोक विचारतात, कमी पानं पाडणारं झाड सांगा. मी आधी विचारतो, पान केवढं? चाफ्याचं हातभर पान पाण्यावर तरंगतं, जाळीच्या काठीने एका फटक्यात निघतं. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, चिंच, आवळा यांची पानं म्हणजे बारीक भुगा. तो स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीतून पुढे सरकतो, पंपाच्या गाळणीत लगदा होऊन बसतो, आणि तिथूनही सुटलेला वाळूच्या फिल्टरमध्ये जातो. मग प्रेशर चढतं, वारंवार बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) करावा लागतो, आणि प्रत्येक बॅकवॉशला पाणी गटारात जातं. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीने याचा हिशोब करावा. ओव्हरफ्लो पूल असेल तर हा भुगा कडेच्या जाळीखालच्या पन्हाळीतून बॅलन्सिंग टँकमध्ये साचतो, आणि तो टँक साफ करायला माणसाला आत उतरावं लागतं.

दुसरं, पानगळीची वेळ. आपल्याकडे बहुतेक झाडं फेब्रुवारी ते एप्रिल पानं गाळतात. पूलची गर्दीही नेमकी तेव्हाच सुरू होते. बहावा आणि ताम्हण दोन्ही मला प्राणप्रिय आहेत, ताम्हण तर आपलं राज्यपुष्प. पण पानगळ संपली की लगेच पाकळ्या सुरू. ती झाडं पूलच्या पूर्वेला, लांबवर लावा, लोकांना पोहताना दिसू देत.

पाण्यात पडलेलं पान, परागकण, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं क्लोरीन खातं. पाण्यात मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ असा ठेवायचा असतो. वरून सेंद्रिय कचरा पडत राहिला तर सकाळी बरोबर असलेला क्लोरीन संध्याकाळपर्यंत उतरतो, आणि नेमकी संध्याकाळीच लहान मुलं पाण्यात असतात. वर त्या कचऱ्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शेवाळाला खत. म्हणून ज्या झाडावर रात्री वटवाघळं येतात ते पाण्यावर झुकलेलं नको. देशी बदाम, उंबर आणि आसुपालव ही त्यातली ठरलेली. आसुपालव सरळसोट म्हणून लोक बिनधास्त लावतात, पण फळांच्या दिवसांत रात्रभर त्यावर वटवाघळांची ये-जा असते आणि सकाळी डेकवर बियांचा सडा.

पावसाळ्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. लँडस्केपवाले वाफ्यात लाल माती भरतात आणि ती डेकच्या पातळीच्या वर येईल इतकी भरतात. पहिल्याच जोरदार सरीला ती माती वाहून पूलमध्ये येते, पाणी गढूळ लाल होतं, आणि टाईलच्या सांध्यांत तो रंग बसतो. वाफ्याची माती डेकच्या खाली चार-सहा इंच ठेवा किंवा कडेला तेवढी उंच बांधणी करा, आणि जमिनीचा उतार पूलच्या उलट दिशेला द्या. खत घातलेली माती पाण्यात आली तर शेवाळ काही दिवसांत धरतं.

बालरोग_ऐरोली

मी डॉक्टर आहे, लहान मुलं बघते. कण्हेरीची रांग वाचून लिहायला बसले.

पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी. हिच्या बियांनी आपल्याकडे मुलं खेळत आली आहेत, आणि पिवळी फुलं शंकराला वाहतात म्हणून घराघरांत हिच्याबद्दल आपलेपणा आहे. पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, बी सगळ्यात जास्त. त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. लाल-पांढरी कण्हेरही त्याच प्रकारची विषारी. पूलच्या कुंपणाला हिची रांग म्हणजे तीन-चार वर्षांच्या ओल्या हातांच्या मुलांच्या बरोबर उंचीला फळं. मुलं पाण्यातून येतात, भुकेली असतात, हाताला लागेल ते तोंडात घालतात. कुणी बी किंवा पान चावल्याचं कळलं तर लक्षणांची वाट बघू नका, घरी उलटी काढत बसू नका, तोडलेली फांदी सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.

फिशटेल पाम म्हणजे आपल्या भेरली माडाच्या जातीचा. त्याच्या फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ओल्या, उघड्या त्वचेवर तो रस लागला की भयंकर खाज सुटते, आग होते. हे झाड शॉवरपाशी लावण्याचा विचार मला समजूच शकत नाही.

बोगनवेल कुणी सुचवेल, म्हणून आधीच सांगते. छाटलेल्या फांदीचा काटा वाळून डेकवर पडला की अनवाणी तळव्यात जातो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. बुडणारं मूल ओरडत नाही. पाण्यावर तोंड ठेवायच्या धडपडीत त्याला हाक मारायला श्वासच उरत नाही. लाईफगार्डच्या खुर्चीतून आणि पालक बसतात त्या बाकांवरून पाण्याचा प्रत्येक कोपरा दिसला पाहिजे. पूल आणि बाकांच्या मध्ये जे काही लावाल ते गुडघ्याच्या वर जाणारं नको. उथळ भागाच्या बाजूला तर काहीच नको. तसंच कुंपणाच्या बाहेर मीटरभराच्या आत चढता येईल अशी फांदी किंवा मोठी कुंडी नको. मूल कुंडीवर पाय देऊन कुंपण ओलांडतं, आणि त्या वेळी पूलवर कुणी नसतं.

कळवा_नाका

एवढं सगळं वाचून वाटतं, झाडं कशाला? टेन्साईल शेड, म्हणजे ताणून बसवलेलं कापडी छत टाका, काम संपलं. पानं नाहीत, मुळं नाहीत, वटवाघळं नाहीत. आमच्याकडे तसंच केलंय.

रोपं_पनवेल

शेडला माझा विरोध नाही. उलट पश्चिमेला पाण्यालगतच्या पट्ट्यात शेडच योग्य, कारण तिथे चांगलं झाड बसतच नाही. पण झाडाखालची हवा आणि कापडाखालची हवा यात फरक आहे. झाड पानांतून पाणी बाहेर टाकतं, भोवतालची हवा गार करतं. कापड फक्त ऊन अडवतं. शिवाय मेमध्ये वादळाची सूचना आली की ते उतरवायला माणसं लागतात. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडंही पडली आणि शेडही उडाल्या. जिथे बुंध्यापर्यंत काँक्रीट केलेलं होतं, एका बाजूची मुळं तोडलेली होती, ती झाडं आधी गेली. झाड पडलं की आपण दोष झाडाला देतो. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवली असती, आणि आदल्या वर्षी केबलसाठी चर खणताना मुळं वाचवली असती, तर त्यातली कितीतरी आज उभी असती.

ताई, तुमच्या डेकच्या कामात हेच जपा. टाईल्स उखडताना आजूबाजूच्या झाडांची जाड मुळं लागली तर कुऱ्हाड चालवू देऊ नका. खोडाच्या व्यासाच्या पाचपट अंतराच्या आतलं जाड मूळ आम्ही तोडत नाही. त्या मुळांवर झाड उभं असतं. मेमध्ये मूळ तोडलेलं झाड जुलैच्या वाऱ्यात जातं.

सावली_घोडबंदर

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी जसाच्या तसा कमिटीच्या ग्रुपवर टाकला. कण्हेर आणि फिशटेल आराखड्यातून आजच गेले.

दोन प्रश्न. रॉयल पामला काय हरकत आहे? त्याची मुळं तर फार त्रास देत नाहीत म्हणतात. आणि जांभळाचं काय करायचं? काही सभासदांचं ठाम म्हणणं आहे की जांभळं पडून डेक रंगतो, लोक घसरतात, तेव्हा ते तोडाच.

जलशुद्धी_खारघर

रॉयल पामच्या मुळांची भीती नाही हे बरोबर. पाम कुळातली मुळं दोरीसारखी, बारीक, ती जाड होऊन भिंत फोडत नाहीत. भीती वरून आहे. मोठ्या झालेल्या रॉयल पामची झावळी खालच्या जाड पन्ह्यासकट दहा-पंधरा किलोची सहज भरते, आणि ती वाळली की न सांगता सुटते. नारळाचंही तेच, शिवाय नारळ पडतात ते वेगळंच. जिथे लोक आडवे पडून ऊन घेतात त्याच्या वर हे नको. पाम हवाच असेल तर सुपारी, फॉक्सटेल किंवा अरेका. झावळ्या हलक्या, माळ्याला शिडीवरून काढता येतात.

वृक्षमित्र_नौपाडा

जांभळाबद्दल मी बोलतो, कारण हा विषय सोसायट्यांमध्ये फार सहज उडवला जातो.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे आणि तो सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही लागू आहे. झाड आपल्या जागेत आहे म्हणून आपण ते तोडू शकत नाही, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मुळाशी ॲसिड ओतणं, साल काढणं, मूळ तोडून झाड मारणं हेही कायद्याने तोडण्यातच धरलं जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. तुमचं जांभूळ जुनं म्हणताय, तर आधी त्याचं वय कुणा जाणकाराकडून अजमावून घ्या. इमारत उभी राहण्याच्या आधीपासून ते तिथे असण्याची शक्यता भरपूर. घोडबंदरच्या पट्ट्यात जांभूळ, आंबा, करंज ही झाडं टॉवरांच्या कितीतरी आधीची आहेत.

फांद्या कमी करायच्या तरी महापालिकेकडे अर्ज करा, फेब्रुवारीच्या आसपास करा, म्हणजे मेच्या आधी काम होतं. जांभळाचं लाकूड कडक वाऱ्यात कडाडून मोडतं, त्यामुळे पूलवर झुकलेल्या फांद्या कमी करणं योग्यच. पण शेंडा छाटू देऊ नका. शेंडा उडवला की बाजूने कमकुवत फुटव्यांचा गठ्ठा येतो, आणि दोन पावसाळ्यांनी तेच फुटवे मोडून पडतात. फांदी जिथे खोडातून निघते तिथल्या फुगवट्याच्या बाहेर स्वच्छ कापायची, दोन टप्प्यांत, म्हणजे साल सोलत खाली येत नाही.

फळं पडतात ते मेअखेर ते जून, काही आठवडे. तेवढ्यापुरतं झाडाखाली हिरवं जाळं ताणून बांधा. डेकवर पडलेलं जांभूळ ओलं असतानाच धुतलं तर डाग निघतो. आणि जाळ्यातली जांभळं सोसायटीतल्या मुलांना वाटा, म्हणजे पुढच्या वर्षी झाड तोडा म्हणणाऱ्यांची संख्या निम्मी झालेली असेल. हे मी अनुभवाने सांगतो.

पोडियम_सीवूड्स

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमचा पूल पोडियमवर आहे, खाली दोन मजले पार्किंग. वाफे आहेत दीड फूट मातीचे. आमच्याकडे कुणी तरी चार फूट माती भरून मोठी झाडं लावू म्हणतंय. चालेल का?

स्थापत्य_ठाणे

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, म्हणून एवढंच कळकळीने सांगतो: बिल्डिंगच्या मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर त्या जागेसाठी किती भार धरलाय हे बघितल्याशिवाय एक पाटी मातीही वाढवू नका.

हिशोब सोपा आहे. एक मीटर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन. पावसात भिजलेली माती त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १.८ ते २ टन. तुमचे चार फूट म्हणजे १.२ मीटर, म्हणजे चौरस मीटरला सव्वादोन टनांच्या आसपास. खुद्द पूलमधलं चार फूट पाणी १.२ टनच असतं. पूलच्या जागी स्लॅब त्या वजनासाठी बांधलेला असतो, शेजारच्या वाफ्याखाली तसा असेलच असं नाही. वर झाडाचं वजन आणि वाऱ्याचा हिसका वेगळा. पोडियमवर दोन टॉवरांच्या मधून वारा जोरात येतो आणि उथळ मातीतल्या उंच झाडाला धरायला खाली काही नसतं.

दीड फुटात एक्झोरा, कर्दळ, हेलिकोनिया, अरेका, चाफ्याची बुटकी जात हे सगळं छान येतं. थोडी उंची हवी तर कॉलमच्या बरोबर वर मोठी कुंडी ठेवा आणि मातीत कोकोपीट-परलाईट मिसळून वजन हलकं करा. आधारासाठी स्लॅबमध्ये बोल्ट मारू नका. एक भोक म्हणजे वॉटरप्रूफिंग गेलं, आणि खाली पार्किंगमध्ये गळती सुरू झाली की तिचा उगम शोधायला वर सगळं उखडावं लागतं. वाफ्यातल्या निचऱ्याच्या तोंडावरची जाळी पावसाआधी उघडून साफ करा. तुंबलेला वाफा म्हणजे न धरलेलं वजन.

पोडियमवर सर्वांत घातक झाड कुणीच लावत नाही, ते पक्षी लावतात. एक्स्पान्शन जॉइंटमध्ये (स्लॅबच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीत), डक्टच्या कडेला पिंपळ-उंबराचं चार पानांचं रोप दिसलं की त्याच दिवशी मुळासकट काढा. माळ्याने वरून खुडलं तर ते पुन्हा फुटतं आणि मूळ आत जाड होत राहतं.

जमिनीवरच्या पूलवाल्यांसाठी दोन शब्द. धडधाकट काँक्रीटचा पूल मुळं सहसा फोडत नाहीत. आधीच असलेल्या चिरेत, गळणाऱ्या पाईपच्या सांध्यात ती शिरतात आणि ती फट रुंद करतात. टाईल्स आणि डेकचा कोबा मात्र ती सहज उचलतात. म्हणून झाडं लावण्याआधी पूल गळत नाही ना ते बघा. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, आत-बाहेर पाणी एका पातळीला, पंप बंद, २४ तास. बादलीपेक्षा पूलचं पाणी जास्त उतरलं तर गळती आहे. आधी ती काढा, मग रोपं आणा. आणि दुरुस्तीसाठी पूल पावसाळ्यात रिकामा करू नका. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, उलवे हा पट्टा खाडीच्या चिखलावर भराव घालून झालेला, भूजल वर असतं. रिकाम्या पूलला खालून पाणी उचलतं, तळाला तडा जातो.

पोडियम_सीवूड्स

सर, डोळे उघडले. उद्याच ड्रॉइंग शोधायला सांगतो. तोवर मातीचा विषय बंद.

सावली_घोडबंदर

बादलीची चाचणी आम्ही केली, गळती नाही. जांभूळ राहणार, छाटणीचा अर्ज तयार केलाय. पश्चिमेला पाण्यालगत कापडी शेड आणि तिच्या मागे पाच-सहा मीटरवर झाडं, यावर कमिटी राजी आहे. आता तिथे नेमकं काय लावू? आणि पूर्वेला?

रोपं_पनवेल

आता नावं सांगतो.

पश्चिमेच्या ओळीत मी नागचाफा आणि सीता अशोक घालेन. नागचाफा सदाहरित, लाकूड कणखर, आकार आपोआप निमुळता. वाढ हळू आहे आणि त्याबद्दल लोक कुरकुरतात, पण पूलजवळ हळू वाढणारं झाडच बरं. त्याची कोवळी पालवी लालसर तांबूस येते, ती बघायला तरी लावा. सीता अशोकाला ओलावा आणि थोडी सावली मानवते, म्हणून तो इमारतीच्या सावलीत येणाऱ्या टोकाला. सुरुवातीची वर्षं सावलीचं काम शेड करेल, मग हळूहळू झाडं ते हातात घेतील.

पाण्याच्या त्यातल्या त्यात जवळ, म्हणजे तीनेक मीटरवर, एकच झाड मी बिनधास्त सांगतो: चाफा. मुळं सौम्य, झाड बुटकं, पानं-फुलं मोठी, हाताने उचलावीत अशी. साधा देवचाफा हिवाळ्यात पार निष्पर्ण होतो, म्हणून पांढऱ्या फुलांचा पुडिका घ्या, तो पानं टिकवतो. चाफ्याचा चीक कातडीला चुरचुरतो, तेव्हा छाटणी पूल बंद असेल त्या दिवशी करायची आणि कापलेल्या फांद्या लगेच उचलायच्या.

पूर्वेला मोकळीक आहे. बकुळ लावा, सात-आठ मीटर सोडून. पाण्याशेजारी लावली तर फुलांचा सडा रोज स्किमरमध्ये, पण पूर्वेला तो सडा वेचायला माणसं पहाटे खाली येतील. ताम्हणही तिकडेच. सप्तपर्णी मात्र कुणी फुकट दिली तरी नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तिचा वास दम्याच्या लोकांना सोसत नाही आणि वादळात ती तग धरत नाही.

डेकपासून दोन-अडीच मीटरवर, पूलच्या बाजूने सरळ रेषेत एचडीपीईची (जाड प्लास्टिकची) मुळं अडवणारी रूट बॅरियर शीट उभी गाडा, अडीच-तीन फूट खोल, वरची कड मातीच्या बोटभर वर. झाडाभोवती गोल गुंडाळू नका, त्याने मुळांची पकडच होत नाही. आत्ता डेक उघडा आहे तर हे काम याच महिन्यात उरका.

बालरोग_ऐरोली

यात दोन गोष्टी जोडते. फवारणी करायची असेल तर पूल बंद ठेवून, वारा पडलेला असताना. आणि उन्हाळ्यात मधमाश्या पूलच्या कडेला पाणी प्यायला येतात, त्यामुळे कुंती, एक्झोरासारखी सतत फुलणारी झुडपं बाकांपासून जरा लांब. ओल्या डेकवरच्या फुलावर बसलेली माशी अनवाणी पायाखाली येते. कुणाला मधमाशीची तीव्र ॲलर्जी असेल तर त्या घरच्यांनी लाईफगार्डला आधीच सांगून ठेवावं.

सावली_घोडबंदर

सभेत ठराव झाला. गुलमोहर, रॉयल पाम, कण्हेर, फिशटेल सगळं वगळलं. चार नागचाफे, दोन सीता अशोक, तीन पुडिका चाफे, पूर्वेला बकुळ आणि ताम्हण एकेक. लँडस्केपवाल्याने सुधारित आराखडा दिला, पण तो म्हणतो बारा-पंधरा फुटी तयार झाडं आणतो, लगेच भरगच्च दिसेल. घ्यावीत का?

रोपं_पनवेल

नको. पाच-सहा फुटी घ्या. मोठं झाड उपटून आणताना मुळं छाटलेली असतात आणि वरचा पसारा तसाच, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात ते वाऱ्यात डोलतं. लहान रोप तुमच्या मुरमात स्वतःची मुळं बसवतं. घोडबंदरच्या कडेच्या रोपवाटिकांत बघायला जाल तेव्हा पिशवी उचलून बघा. तळातून जाड मूळ गोल फिरलेलं दिसलं तर ते रोप सोडा.

खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त घ्या आणि कडेचा मुरूम पहारीने सैल करा. नाहीतर कठीण मुरमातला खड्डा कुंडीसारखा पाण्याने भरतो आणि मुळं सडतात. डेकचं राबिट, सिमेंटचा चुरा वाफ्यात पुरू देऊ नका, कंत्राटदार हमखास तेच करतो. माती भरायच्या दिवशी तुम्ही स्वतः उभ्या राहा. बॅकवॉशचं पाणी आळ्यात सोडू नका, क्लोरीनने पानांच्या कडा करपतात.

मृगाच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी होऊ द्या, मग लावा. दोन बाजूंनी दोन बांबू, आणि काथ्याने आठच्या आकारात सैल बांधा. तार अजिबात नको. खोड थोडं हललं पाहिजे, त्यानेच ते जाड होतं. पुढच्या मेमध्ये काथ्या सोडून बघा. झाड सरळ उभं राहिलं तर बांबू काढून टाका.

सावली_घोडबंदर

राबिटचं बरं सांगितलंत, कालच दोन पोती वाफ्याच्या कडेला रचलेली दिसली. उद्या सकाळी कंत्राटदार यायच्या आधी ती उचलवते.